लिबरल की कॉन्झर्व्हेटिव्ह? कॅलिफोर्नियातल्या एका नव्या मतदाराला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: "आम्ही फ्रीमाँटला राहतो. मला नुकतीच सिटिझनशिप मिळाली आणि पहिल्यांदाच मतदार नोंदणी करते आहे. फॉर्मवर पक्ष विचारलाय. अकरावीतला मुलगा म्हणतो, आपण लिबरल, त्यात विचार कसला करायचा? डॅलसच्या जाऊबाई म्हणतात, घरादाराचा, मुलाबाळांचा विचार करशील तर कॉन्झर्व्हेटिव्हच होशील. कोणत्या मुद्द्यावर कोण काय म्हणतं आणि का, हे कुणी नीट सांगेल का?"

आधी फॉर्मचं उरकून घेऊ. पक्ष निवडलाच पाहिजे असं नाही. "नो पार्टी प्रेफरन्स" हा पर्याय आहे आणि तो घेतला तरी नोव्हेंबरात तुम्ही कुणालाही मत देऊ शकता. २०१० मध्ये लोकांनी प्रपोझिशन १४ (प्रपोझिशन म्हणजे लोकांच्या थेट मताला टाकलेला प्रस्ताव) मंजूर केलं, तेव्हापासून गव्हर्नर, राज्यातले आमदार, काँग्रेसचे सदस्य यांच्या प्रायमरीत, म्हणजे मुख्य निवडणुकीआधीच्या फेरीत, सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळते. पहिले दोन उमेदवार पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. फरक पडतो तो फक्त राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत. तिथे बिगरपक्ष मतदाराने डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागून घ्यावी लागते, आणि रिपब्लिकन पक्ष आपली मतपत्रिका स्वतःच्या नोंदणीकृत मतदारांनाच देतो.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. पक्षांची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असते, त्यामुळे सगळ्यात वर "अमेरिकन इंडिपेंडंट" येतो. स्वतंत्र मतदार म्हणजे हाच पर्याय, असं समजून कितीतरी लोक तिथे खूण करतात. तो स्वतंत्र मतदारांचा रकाना नाही, एक कडवा उजवा पक्ष आहे. वर्णभेदाचं उघड समर्थन करणारे जॉर्ज वॉलेस १९६८ साली त्याच पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते.

आता मूळ प्रश्न. नव्याने नागरिक झालेल्या आपल्या लोकांसोबत बसून मतपत्रिका ओळीओळीने वाचायची, हे काम मी बऱ्याच निवडणुका करत आले आहे. कुणाला मत द्यायचं हे मी कधी सांगत नाही. पण मतपत्रिका कशी वाचायची याबद्दल माझी मतं ठाम आहेत. तुमचा मुलगा आणि जाऊबाई दोघंही एक गोष्ट गृहीत धरून बोलताहेत: एकदा बाजू ठरली की झाडून सगळ्या मुद्द्यांवरची मतं तिच्यामागून आपसूक येतात. माझा सगळा आक्षेप या गृहीतकाला आहे.

ढोबळ फरक तर आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. आज लिबरल बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाकडे असतात आणि कॉन्झर्व्हेटिव्ह रिपब्लिकन पक्षाकडे. गरिबी, आजारपण, वर्ण, जन्म यांमुळे ज्याच्या वाट्याला कमी येतं त्याला ते भरून देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, त्यासाठी कर वाढले तरी चालतील, असं लिबरल माणसाला वाटतं. कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला वाटतं की हे काम आधी कुटुंबाचं, चर्चचं, गावाचं आहे. वॉशिंग्टनच्या हातात जितका पैसा आणि अधिकार जाईल तितकं साध्या माणसाचं स्वातंत्र्य आकसतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीती मोडण्याआधी दहा वेळा विचार करावा. इथपर्यंत वाचलं की वाटतं, एकाला सरकार हवं आहे आणि दुसऱ्याला नको आहे. पण विषय लग्नाचा, गर्भपाताचा, गांजाचा निघाला की बाजू उलटतात. तिथे लिबरल म्हणतो सरकारने लुडबूड करू नये, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतो कायद्याने मर्यादा घालायलाच हवी. म्हणून मी लोकांना प्रत्येक प्रस्तावावर दोन प्रश्न विचारायला सांगते. हा निर्णय कुणाच्या हातात द्यायचा असं यात म्हटलंय? आणि पैसे कुणाच्या खिशातून जाणार आहेत?

आरोग्यविम्याचंच पाहा. २०१० चा अफोर्डेबल केअर ॲक्ट, म्हणजे ओबामाकेअर, हा लिबरल विचारांचा कळसाध्याय मानला जातो. त्याआधी स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्याला मधुमेह असेल तर कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. ते बंद झालं. तुमचा मुलगा उद्या कॉलेजला गेला, नोकरीला लागला, तरी २६ वर्षांचा होईपर्यंत तुमच्या विम्यात राहू शकेल, तेही याच कायद्यामुळे. कॉन्झर्व्हेटिव्हांचा मुख्य आक्षेप सक्तीला होता: एखादी वस्तू विकत घेतलीच पाहिजे, नाहीतर दंड, असं केंद्र सरकार नागरिकाला सांगू शकतं का? आक्षेप पोरकट नव्हता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली न्यायालयाने दंड हा कर मानून टिकवला, पण गरिबांसाठीचं मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. कॅलिफोर्नियाने वाढवलं, टेक्सासने नाही. तुटपुंज्या पगाराच्या, मूलबाळ नसलेल्या एकट्या कामगाराला तुमच्याकडे मेडी-कॅल, म्हणजे कॅलिफोर्नियाचं मेडिकेड, मिळतं, आणि तसाच कामगार जाऊबाईंच्या शेजारी राहत असेल तर त्याला मेडिकेड मिळत नाही. दोन बाजूंमधला फरक याहून स्वच्छ कुठे दिसायचा नाही.

पण ही सक्ती आली कुठून? विमा घेणं बंधनकारक करावं ही कल्पना १९८९ साली हेरिटेज फाउंडेशन या कॉन्झर्व्हेटिव्ह संस्थेने मांडली होती. हेतू असा की माणसाने स्वतःची जबाबदारी घ्यावी, फुकट उपचारांचा बोजा दुसऱ्यांवर टाकू नये. २००६ मध्ये मिट रॉमनी या रिपब्लिकन गव्हर्नरांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ती राबवली. चार वर्षांनी तीच कल्पना डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने उचलली आणि तिच्यावर जणू समाजवादाचा शिक्का बसला. पुढे रिपब्लिकनांनी २०१७ च्या करकायद्यात केंद्राचा दंड शून्यावर आणला, तर कॅलिफोर्नियाने २०२० पासून स्वतःचा लावला.

आपल्या घरांत हा विषय शिरतो तो आई-वडील आले की. ग्रीन कार्डवर आलेल्या ६५ वर्षांपुढच्या माणसाला, इथे नोकरी केलेली नसेल तर, मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायलाही सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवर बहुतेकांना याच कायद्याने उभ्या केलेल्या बाजारातून विमा घ्यावा लागतो, आणि तिथे जुनी दुखणी आडवी येत नाहीत. टेक्सासमधल्या पक्क्या रिपब्लिकन मराठी घरांतही सासूबाईंचा विमा तिथूनच काढलेला मी पाहिला आहे. त्यात मला काही गैर वाटत नाही. माणसं पक्ष एका कारणाने निवडतात आणि आयुष्य अनेक कारणांनी जगतात.

गर्भपात आणि बंदूक हे दोन मुद्दे मात्र भारतात वाढलेल्या माणसाच्या पचनी पडत नाहीत. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि त्यावरून कधी निवडणूक लढली गेली नाही. इथे गर्भपात हा देशभर घटनात्मक हक्क ठरवणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या रो निकालापासून जवळजवळ पन्नास वर्षं एक अख्खी चळवळ त्या एका निकालाविरुद्ध उभी राहिली, आणि जून २०२२ मध्ये डॉब्स निकालाने तो रद्द झाला. ज्याला मनापासून वाटतं की गर्भ म्हणजे पूर्ण माणूस, त्याला "हा बाईचा खासगी प्रश्न आहे" हे उत्तर कसं पटणार? आणि जिला वाटतं की स्वतःच्या शरीरावर सरकारचा हुकूम चालू नये, तिला "राज्याच्या विधानसभेने ठरवावं" हे कसं पटणार? दोघांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत ऐकल्याशिवाय या मुद्द्यावर बोलू नये असं मी कळकळीने सांगते. आज निर्णय राज्यांकडे आहे. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रपोझिशन १ मंजूर करून हा हक्क राज्यघटनेतच लिहिला. टेक्सासमध्ये जवळपास संपूर्ण बंदी आहे. आणि कॅन्सस, जिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी १९६४ नंतर डेमोक्रॅट कधी जिंकलेला नाही, तिथे ऑगस्ट २०२२ मध्ये हा हक्क काढून घेणारी दुरुस्ती सुमारे ५९ टक्के मतांनी लोकांनी फेटाळली.

बंदुकीबद्दल थोडक्यात सांगते. २००८ च्या हेलर निकालाने बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क ठरवला, आणि आता वाद त्याच्या मर्यादांचा आहे. ग्रामीण भागात पोलिसांची गाडी यायला अर्धा-पाऊण तास लागतो, तिथल्या माणसाचं मत आणि शाळेत गोळीबाराचा सराव करणाऱ्या मुलांच्या आईचं मत एकसारखं असणार नाही.

तुमच्या मुलाला मी एक काम सांगेन: रोनाल्ड रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना त्यांनी कशाकशावर सही केली ते शोधून काढ. कॉन्झर्व्हेटिव्हांचं सगळ्यात मोठं दैवत म्हणजे रेगन. गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच वर्षी, १९६७ साली, त्यांनी गर्भपाताची मुभा वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मलफर्ड कायद्यावरही केली. भरलेली बंदूक उघडपणे घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला त्याने बंदी आली. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर्स या जहाल संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण पोलिसांवर नजर ठेवायला बंदुका घेऊन फिरू लागले होते, आणि बंदी आली ती त्यांच्यासाठी. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेनेही तेव्हा विरोध केला नाही. १९७० मध्ये रेगन यांनी पर्यावरण परिणामांच्या तपासणीचा, सीक्वा म्हणतात तो, राज्याचा कायदा केला. आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८६ मध्ये त्यांच्याच सहीने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला. आज यातली एकही गोष्ट कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराच्या तोंडून ऐकू येणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही असंच आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा प्रतिनिधीगृहात मतदानाला आला तेव्हा बाजूने मत देणाऱ्यांचं प्रमाण डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकनांत जास्त होतं, कारण दक्षिणेतले डेमोक्रॅट त्याच्या विरोधात ठाम उभे होते. १९९३ मध्ये नाफ्टा व्यापार करार तिथे मंजूर झाला तो रिपब्लिकन मतांच्या जोरावर. निम्म्याहून जास्त डेमोक्रॅट विरोधात गेले. मुक्त व्यापार हा तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्हांचा जीव की प्राण होता, आणि आज आयातशुल्काची भिंत उभारणारा राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन आहे. ज्या मतांना आपण "मूळ तत्त्व" समजतो त्यांतली बरीचशी त्या त्या वेळच्या युतीतून आलेली असतात. कोण कुणासोबत आहे, कोण कुणाला घाबरलं आहे, यावरून ती ठरतात.

आता तुमच्या गल्लीतला मुद्दा घेऊ: घर. माझ्या मते बे एरियातल्या मराठी कुटुंबांना सर्वात जास्त भिडणारा राजकीय प्रश्न हाच आहे, आणि टीव्हीवर त्याची चर्चा सर्वात कमी होते. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी मंजूर केलं. प्रॉपर्टी टॅक्स घराच्या नोंदलेल्या किमतीच्या मूळ एक टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकलं जाईपर्यंत ती नोंदलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. समजा, एका गल्लीत दोन सारखी घरं आहेत. एक १९८५ मध्ये दीड लाख डॉलरला घेतलेलं, दुसरं २०२२ मध्ये पंधरा लाखांना. २०२४ मध्ये पहिल्या घराची नोंदलेली किंमत वाढून वाढून सव्वातीन लाखांच्या आत असेल, म्हणजे मूळ कर साधारण ३,२५० डॉलर. दुसऱ्याचा १५,६०० च्या आसपास. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशमन दल तेच, आणि कर जवळजवळ पाचपट. पाचपट भरणारं कुटुंब बहुधा डे केअर आणि मॉर्गेज एकत्र सांभाळणारं, तिशी-पस्तिशीतलं असतं.

ही सवलत आणली ती करविरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीने. त्यांचा मुद्दा खरा होता: घरांच्या किमती भडकल्या की पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीला कर भरण्यासाठी राहतं घर विकावं लागे. लिबरलांचं म्हणणंही खरं आहे: शाळांचा हक्काचा स्थानिक पैसा आटला, निधीची सूत्रं राज्याच्या हातात गेली आणि ओझं नव्याने आलेल्यांवर पडलं. मग लिबरल कॅलिफोर्नियाने हे बदललं का? २०२० मध्ये प्रपोझिशन १५ आलं. त्यात राहत्या घरांना हातही लावला नव्हता, फक्त मोठ्या व्यावसायिक मालमत्तांना बाजारभावाने कर लावायचा होता. त्याच मतपत्रिकेवर बायडन यांना राज्यात ६३ टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि प्रपोझिशन १५ मात्र ४८ विरुद्ध ५२ असं हरलं. म्हणजे बायडन यांना मत देऊन त्याच कागदावर खाली या कराला "नाही" म्हणणारे लाखो मतदार होते.

नवी घरं बांधण्याचंही तसंच. अंगणात "सर्वांचं स्वागत आहे" अशी पाटी लावलेले शेजारी नाक्यावरच्या चारमजली इमारतीविरुद्ध नगरपरिषदेत तास तासभर बोलताना मी ऐकले आहेत. पाटी खोटी नाही, त्यांना ते मनापासून वाटतं. फक्त पार्किंग, सावली आणि घराची किंमत हे विषय आले की लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह घरमालक एकाच बाकावर बसतात. एका प्लॉटवर दोन घरांची मुभा देणारा एसबी ९ हा कायदा २०२१ मध्ये झाला तेव्हा त्याला विरोध दोन्हीकडून झाला. रेगनकालीन सीक्वा कायद्याचा आधार घेऊन इमारती कोर्टात अडकवण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालले, आणि २०२५ मध्ये शहरांच्या आतल्या बहुतांश गृहप्रकल्पांना त्यातून सूट दिली ती डेमोक्रॅट गव्हर्नर न्यूसम यांनी. भाड्याच्या घरात राहणाऱ्या नव्या मतदाराने उमेदवाराचा पक्ष पाहण्याआधी त्याने कोणत्या इमारतीला "हो" म्हटलं होतं ते पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाच्या कॉलेजचा विषय तुमच्याकडे लवकरच येईल. सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायचा नाही, हे कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २०९ पासून लागू आहे. २०२० मध्ये ते उठवायला प्रपोझिशन १६ आलं आणि सुमारे ५७ टक्के लोकांनी "नाही" म्हटलं. पुढे जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात देशभर तेच केलं. आपल्या पालकांत यावर दुफळी आहे आणि ती पक्षानुसार नाही. भारतात आरक्षणावर ज्याचं जे मत होतं तेच तो इथे घेऊन येतो, असं मला पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

जातीचा मुद्दा तर थेट आपल्या दारात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास स्पष्ट बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एसबी ४०३ हे तशाच अर्थाचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी सध्याच्या कायद्यात असा भेदभाव आधीच बेकायदा आहे असं म्हणत ते सही न करता परत पाठवलं, म्हणजे व्हेटो केलं. एरवी प्रत्येक मुद्द्यावर लिबरल असलेली कितीतरी मराठी घरं इथे विरोधात उभी राहिली. त्यांचं म्हणणं, एका समाजाकडे बोट दाखवलं जातंय. आंबेडकरी संघटना बाजूने होत्या. त्यांचं म्हणणं, नाव घेतल्याशिवाय तक्रार ऐकून घेतली जात नाही. इथे मी माझं मत लपवत नाही. जात विमानात बसून इथवर आली आहे, आडनाव विचारून ती आजही ताडली जाते, आणि जो दुसऱ्यांच्या भेदभावाविरुद्ध कायदा मागतो त्याने स्वतःच्या भेदभावाचं नाव कायद्यात यायला घाबरू नये.

स्थलांतराच्या बाबतीत लिबरल सैल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह कडक, हे दक्षिण सीमेपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. आपल्या रांगेला ते लागू पडत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. ही मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड बहुमताने मंजूर झालं. सेनेटमध्ये ते पुढे रेटलं युटाचे रिपब्लिकन माइक ली यांनी आणि अडवून धरलं इलिनॉयचे डेमोक्रॅट डिक डर्बिन यांनी. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर टीका डावे सेनेटर बर्नी सँडर्स करतात आणि ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅननही करतात. एक म्हणतो कंपन्या स्वस्त मजूर आणतात, दुसरा म्हणतो अमेरिकनांच्या नोकऱ्या जातात. वाक्यं जवळजवळ तीच. एच-वन-बीवाल्यांच्या एच-फोर व्हिसावरच्या जोडीदारांपैकी ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांना काम करायची परवानगी ओबामा प्रशासनाने २०१५ मध्ये दिली. आणि जन्माने मिळणारं नागरिकत्व मर्यादित करणारा ट्रम्प यांचा २० जानेवारी २०२५ चा आदेश फक्त बेकायदा आलेल्यांपुरता नव्हता. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसले, तर त्यांची बाळंही त्यात होती, म्हणजे एच-वन-बी वर असलेल्या जोडप्यांची बाळंही. आदेश निघाल्याबरोबर लोक न्यायालयात गेले. आपण कायदेशीर रांगेत आहोत, आपला याच्याशी संबंध नाही, असं मानणाऱ्या कितीतरी घरांची झोप त्या आठवड्यात उडाली होती.

साधा मतदार पक्षाच्या यादीबरहुकूम चालत नाही, याचा माझा आवडता दाखला फ्लोरिडाचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रम्प तिथे ५१ टक्क्यांहून थोडी जास्त मतं घेऊन जिंकले. त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलर करण्याची दुरुस्ती होती. ती जवळपास ६१ टक्क्यांनी मंजूर झाली, आणि ट्रम्प यांना मत देणाऱ्या लाखो लोकांनी तिला "हो" म्हटल्याशिवाय हे शक्यच नव्हतं. उलट कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये किमान वेतन १८ डॉलर करणारं प्रपोझिशन ३२ थोडक्यात पडलं, आणि चोरी व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढवणारं प्रपोझिशन ३६ सुमारे ६८ टक्क्यांनी मंजूर झालं. २००८ मध्ये ओबामांना ६१ टक्के मतं देणाऱ्या याच राज्याने त्याच दिवशी समलिंगी विवाहावर बंदी घातली होती. ती बंदी आधी न्यायालयांत कोसळली, आणि घटनेतलं ते वाक्य लोकांनी स्वतः २०२४ मध्ये खोडलं.

म्हणून वाचायचं ते मतदार माहितीपुस्तक. निवडणुकीआधी राज्याकडून ते प्रत्येक मतदाराच्या घरी येतं आणि हिंदीतही मिळतं, तसं कळवावं लागतं इतकंच. प्रत्येक प्रस्तावाखाली राज्याच्या लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टने लिहिलेलं विश्लेषण असतं: आज काय आहे, काय बदलेल, तिजोरीवर किती भार पडेल. मी लोकांना तेच आधी वाचायला लावते. बाजूने आणि विरोधात लिहिलेली पानं त्यानंतर, आणि त्यांतही खालच्या सह्या नीट बघायच्या. शिक्षक संघटना, पोलिसांची संघटना, घरमालकांची संघटना, करदात्यांची संघटना यांपैकी कोण कुठल्या बाजूला आहे, यावरून पैसे कुणाच्या खिशातून जाणार ते बऱ्याचदा कळतं. मुलगा सोळा वर्षांचा झाला असेल तर त्याला पूर्वनोंदणी करता येते, आणि हे पुस्तक तुमच्या दोघांनी मिळून वाचण्यासारखं आहे.

शेवटी तुमच्या मतपत्रिकेचा तळ. स्कूल बोर्ड, नगरपरिषद, काउंटी सुपरवायझर, न्यायाधीश यांच्या नावांपुढे कॅलिफोर्नियात पक्ष छापलेला नसतो, बहुधा फक्त व्यवसाय असतो, तोही जास्तीत जास्त तीन शब्दांत. बरेच लोक इथे येऊन थांबतात आणि रकाने कोरे सोडतात. पण रोजच्या जगण्याला हात घालणारे निर्णय इथेच होतात. सॅन फ्रान्सिस्कोत शाळांनी २०१४ पासून आठवीचा अल्जिब्रा बंद केला. उद्देश असा होता की कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं लवकर मागे पडू नयेत. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर क्लास लावले आणि दरी तशीच राहिली. देशातल्या सर्वात लिबरल शहरांपैकी हे एक, आणि तिथल्याच मतदारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बोर्डाच्या तीन सदस्यांना परत बोलावलं. शाळा बंद असताना बोर्ड नको त्या वादांत गुंतलं आणि एका नावाजलेल्या शाळेचा गुणवत्तेवरचा प्रवेश काढून टाकला, याचा तो राग होता. त्यात आशियाई पालक आघाडीवर होते. मार्च २०२४ मध्ये अल्जिब्रा परत आणा असा सल्लादर्शक ठराव ८० टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झाला. त्या पालकांपैकी बहुतेकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटलाच मत दिलं असणार.

तेव्हा तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचे उमेदवार कोण आहेत ते आत्ताच शोधायला लागा. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था बऱ्याच शहरांत सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा खुला कार्यक्रम घेते. प्रश्न बहुधा कार्डावर लिहून द्यायचे असतात, त्यामुळे माइकवर बोलायची धास्ती नको. आठवीच्या गणिताबद्दल विचारा, किती मुलांमागे एक समुपदेशक आहे ते विचारा, शाळांसाठी काढायचं पुढचं कर्ज, म्हणजे बाँड, किती डॉलरचा आहे आणि तो तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर कसा चढेल तेही विचारा.